होमपेज एकाचे अनेक कसे झाले

१९९३-९४ च्या मोझेइक आणि नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरांमध्ये होमपेज, म्हणजे ब्राउझर उघडताच येणारे पान, एकच असे, कारण एका खिडकीत एकच पान मावत असे. शिवाय २८.८ केबीपीएस वेगाचा मोडेम सेकंदाला जेमतेम साडेतीन किलोबाइट आणायचा. १०० किलोबाइटच्या पानाला अर्धा मिनिट. ब्राउझर उघडताच चार पाने एकदम मागवणे परवडणारे नव्हते.

मार्ग काढला तो टॅबने. बुकलिंक कंपनीच्या इंटरनेटवर्क्स ब्राउझरमध्ये टॅब १९९४ मध्येच होते, मोझिला ब्राउझरमध्ये ते ऑक्टोबर २००१ च्या ०.९.५ आवृत्तीत आले. मग प्रश्न उरला तो पत्त्यांची यादी साठवायची कशी. प्रत्येक ब्राउझरने वेगळी तऱ्हा निवडली, आणि आजच्या बहुतेक अडचणी तिथूनच निघतात.

फायरफॉक्सने होमपेजची एकच चौकट कायम ठेवली आणि दोन पत्त्यांमध्ये उभी रेघ (|) घालायची सोय केली. स्वल्पविराम चालत नाही. सगळे मिळून एकच पत्ता समजला जातो. मराठीत टंकणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते. इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक चालू असेल तर रेघेची कळ ‘ॉ’ देते, शिफ्ट दाबल्यास ‘ऑ’. मग हाताशी असलेला दंड (।) वापरला जातो. दिसायला तो तसाच, पण संगणकाच्या लेखी निराळे अक्षर. म्हणून आधी इंग्रजी कळफलकावर यावे. त्याहून सोपे म्हणजे हवी ती पाने टॅबमध्ये उघडून ‘यूज करंट पेजेस’ दाबणे. एखाद्या पत्त्यातच उभी रेघ असेल तर तो मधोमध तुटतो. तिथे रेघेऐवजी टक्क्याचे चिन्ह, इंग्रजी सात आणि कॅपिटल सी असे सलग लिहावे. ‘ओपन प्रीव्हियस विंडोज अँड टॅब्ज’वर खूण असेल, तर सुरुवातीला होमपेजऐवजी मागच्या वेळचे टॅब येतात.

ऑक्टोबर २००६ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ७ मध्ये एका ओळीवर एक पत्ता अशी मांडणी होती. ती वापरायला अधिक सुटसुटीत, पण आत रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज सेटिंग्ज साठवते त्या नोंदवहीत, पहिली ओळ ‘स्टार्ट पेज’मध्ये आणि बाकीच्या ‘सेकंडरी स्टार्ट पेजेस’मध्ये जात. एखाद्या आगंतुक टूलबारने पत्ते घुसवल्यावर फक्त पहिली नोंद दुरुस्त केली, तर दुसरीतली पाने उघडतच राहत.

सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या क्रोममध्ये होमपेज आणि सुरुवातीची पाने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक मला योग्य वाटतो, पण गोंधळ सर्वाधिक त्याचाच होतो. घराच्या बटणामागे पत्ता एकच असतो. अनेक पाने हवी असतील तर सेटिंग्जमधल्या ‘ऑन स्टार्टअप’मध्ये ‘ओपन अ स्पेसिफिक पेज ऑर सेट ऑफ पेजेस’ निवडून ‘ॲड अ न्यू पेज’ने एकेक पत्ता घालावा. हा संच ब्राउझर नव्याने सुरू होतानाच उघडतो. चालू ब्राउझरमध्ये कंट्रोल-एन दाबले की नवी खिडकी येते, संच येत नाही.

सेटिंग्ज ठीक असूनही विंडोजवर भलतेच पान उघडत असेल, तर डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधली ‘टार्गेट’ची ओळ शेवटपर्यंत वाचावी. प्रोग्रामच्या मार्गाचे अवतरणचिन्ह संपल्यावर पुढे पत्ता चिकटवलेला असेल, तर ब्राउझर तो इमानेइतबारे उघडतो. तेवढा भाग खोडावा. हीच युक्ती आपल्यालाही कामी येते. महिनाअखेरीला बँक, जीएसटी आणि आयकराची पाने एकदम लागत असतील, तर शॉर्टकटची प्रत करून अवतरणचिन्हानंतर एक जागा सोडावी आणि तिन्ही पत्ते जागा सोडत लिहावेत. पत्ते चिन्हाच्या आत पडले तर विंडोज ‘टार्गेट’ चुकीचे असल्याचे सांगून बदल नाकारते.