सोसायटी आणि अपार्टमेंट: एकाच जिन्यावरचे दोन कायदे

पुण्यात सोसायटी आणि अपार्टमेंट हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पाटीवर तर दोन्ही एकत्र नांदतात: 'अमुक अपार्टमेंट सहकारी गृहरचना संस्था मर्यादित'. नाव अपार्टमेंट, नोंदणी सोसायटीची. भांडण सहकार खात्याच्या उपनिबंधकांपर्यंत गेलं की मग कागद शोधले जातात.

सहकाराचा पहिला कायदा १९०४चा, तो पतसंस्थांपुरता. राज्याचा आजचा सहकारी संस्था कायदा १९६०चा. पुढच्याच वर्षी पानशेत फुटलं, नदीकाठच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या आणि शहर पेठांबाहेर सरकू लागलं. तेव्हाची सोसायटी म्हणजे बरेचदा प्लॉट आणि बंगले.

फ्लॅट वाढले तसा १९७० मध्ये अपार्टमेंट मालकीचा कायदा आला. सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर, सभासदाच्या हाती शेअर सर्टिफिकेट. अपार्टमेंटमध्ये फ्लॅट तुमचा, शिवाय जमिनीत आणि सामाईक जागेत टक्क्यांत ठरलेला अविभक्त हिस्सा. हे टक्के घोषणापत्रात असतात आणि ते सहसा बिल्डरच करतो. घर घेताना ते वाचणारा माणूस विरळाच. सोसायटीला जमीन नावावर करून घ्यायला बिल्डरच्या मागे लागावं लागे. २००८च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवायही जमीन संस्थेच्या नावावर होण्याची, वाट मिळाली.

खरी ठिणगी पडते मेंटेनन्सवर. सोसायटीच्या उपविधींत सेवाखर्च प्रत्येक फ्लॅटला सारखा; पाणी नळांच्या संख्येप्रमाणे, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या प्रमाणात. वॉचमन, झाडलोट, जिन्यातला दिवा यांचा खर्च खोल्या मोजून वाढत नाही, त्यामुळे ही वाटणी पटते. अपार्टमेंटच्या कायद्यात मात्र सामाईक खर्च हिश्श्याच्या टक्क्यांवर. म्हणजे थ्री बीएचकेवाल्याला त्याच वॉचमनचे जास्त पैसे. तरीही पुण्यातल्या कित्येक अपार्टमेंटांनी वर्षानुवर्षं सोसायटीसारखी सरसकट आकारणी केली. वार्षिक सभेत हात वर झाले की ठराव मंजूर, कायदा कोण बघतो! लहान फ्लॅटवाले कुरकुरत भरत राहिले.

अखेर पुण्यातल्याच एका मोठ्या संकुलाचा वाद उच्च न्यायालयात पोचला. २०२५ मध्ये निकाल लागला: अपार्टमेंट असेल तर हिश्श्याप्रमाणेच आकारणी. सभेचा ठराव कायद्याच्या वर जात नाही, हे बरोबरच. पण तेव्हापासून मोठ्या फ्लॅटवाल्यांना अपार्टमेंटची सोसायटी करून घेण्याचा भलताच उत्साह आला आहे.