मेंढरं बोळात का अडतात?

पावसाळा तोंडावर आला की पुरंदर, दौंड, इंदापूरकडे मेंढ्यांना आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस आणि जंताचं औषध द्यायची घाई उडते. औषध द्यायला क्षणभर पुरतो, वेळ जातो तो मेंढरं पकडण्यात. कोणी पाय ओढतं, कोणी लोकर धरून उचलतं. लोकर ओढली की कातड्याखाली रक्त साकळतं, वरून मात्र काही दिसत नाही. गाभण मेंढीची अशी झटापट तर होताच कामा नये. यात मेंढरांचा हट्टीपणा कुठेच नसतो. बहुतेक वेळा चूक कुंपणाच्या आणि बोळाच्या, म्हणजे मेंढरं एकामागून एक पुढे नेणाऱ्या अरुंद वाटेच्या, रचनेत असते, आणि ती दुरुस्त करता येते.

त्यासाठी आधी मेंढीची नजर समजून घ्यायला हवी. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आणि बाहुल्या आडव्या. त्यामुळे मान न वळवता तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त थेट पाठीमागचा भाग सुटतो. पण दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी दिसणारा समोरचा पट्टा अरुंद असतो, म्हणून खोलीचा अंदाज तिला पटकन येत नाही. जमिनीवर बांबूची सावली पडली की तो खड्डा आहे की नुसती सावली, हे ठरवायला ती थांबते आणि मान खाली घालते. पुढची थांबली की मागची सगळी थांबतात. डबकं, कुंपणावर फडफडणारं गोणपाट, पायाखालची सिमेंट आणि मातीची सांध, या सगळ्यांपाशी हेच होतं.

म्हणून बोळाच्या दोन्ही बाजू शेडनेटने किंवा पत्र्याने बंद कराव्यात, म्हणजे बाहेरची माणसं आणि कुत्रं दिसत नाही. शेवटचं फाटक मात्र जाळीचं हवं. पलीकडे आपल्यातली दोन-चार मेंढरं उभी दिसली की पुढचं पाऊल आपोआप पडतं. मे महिन्यात आपण उन्हं चढायच्या आत काम उरकतो, तेव्हा बोळाचं तोंड पूर्वेला असेल तर कोवळं ऊन थेट डोळ्यांत जातं. दक्षिणोत्तर बोळ सोयीचा. उन्हातून अंधाऱ्या शेडमध्येही मेंढी शिरत नाही. छतात एक पारदर्शक पत्रा बसवला तर फरक पडतो.

रुंदी किती? मेंढीला पुढे जाता यावं, पण वळता येऊ नये, इतकीच. परदेशी आराखड्यांतली मापं मोठ्या लोकरी जातींची असतात. आपली दख्खनी मेंढी अंगाने लहान, तेव्हा आपल्याच कळपातल्या सर्वांत रुंद मेंढीचं माप घ्यावं. बोळ हलका वळणदार असेल तर टोकाला सुई घेऊन उभा असलेला माणूस दिसत नाही. मात्र तोंडाशीच एकदम वळण दिलं, तर मेंढीला पुढे भिंतच वाटते.

सगळ्यात जास्त अडचण होते ती बोळाच्या तोंडाशी. तिथे दोन्ही बाजूंनी सारखी निमुळती होत जाणारी जागा केली, की दोन मेंढ्या एकदम घुसून अडकतात. त्याऐवजी एक बाजू सरळ ठेवावी आणि दुसरी साधारण 30 अंशांत तिरकी आणावी.

मग माणसाने उभं कुठे राहायचं? अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन यांनी जनावरांच्या हालचालींचा अभ्यास करून खांद्याचं महत्त्व सोप्या शब्दांत मांडलं. माणूस मेंढीच्या खांद्यामागे असला तर ती पुढे जाते, खांद्यापुढे आला तर मागे सरते. म्हणून बोळाच्या कडेने मेंढरांच्या उलट दिशेने, डोक्याकडून शेपटीकडे चालत जावं. प्रत्येकीचा खांदा ओलांडला की ती पुढे निघते. काठीची गरज उरत नाही. मला तर या सगळ्या शास्त्रातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते, कारण तिला एक पैसाही लागत नाही.

आवाजाचंही भान ठेवावं. मेंढीला सुमारे 40,000 हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आपल्याला 20,000 पर्यंतच. शिट्टी आणि पत्र्यावरची थाप तिला बिथरवते. फाटकाच्या कडीला जुन्या ट्यूबची पट्टी बांधली तरी खणखणाट थांबतो.

मेंढी विसरतही नाही. केंब्रिजजवळच्या बाब्रहॅम संस्थेतल्या कीथ केंड्रिक आणि सहकाऱ्यांनी 2001 साली दाखवलं, की मेंढ्या दुसऱ्या 50 मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत ओळखू शकतात. जिथे दुखलं ती जागाही त्यांच्या लक्षात राहते. उलट बाजूही आहे: ऑस्ट्रेलियातले संशोधक हटसन यांनी 1985 साली बोळ पार केल्यावर मेंढ्यांना बार्ली खाऊ घातली, आणि पुढच्या खेपांना त्या अधिक सहज चालल्या. त्यामुळे लोखंडी बोळावर खर्च करण्याआधी बांबू आणि शेडनेटचा कच्चा बोळ उभारावा, आणि पहिल्यांदा सुई न टोचता, पलीकडे मूठभर मका ठेवून कळप नुसता त्यातून जाऊ द्यावा. मेंढ्या जिथे जिथे थबकतील तिथे बदल करावा. पक्के खांब त्यानंतर रोवावेत.