मागच्या अॅक्सलमधलं विसरलेलं तेल

इंजिन ऑइल बघायला डिपस्टिक असते, आणि ऑइलचा दाब घसरला तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीच्या डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या अॅक्सलच्या मध्यावरच्या गिअरच्या पेटीला, यातलं काहीच नाही. गाडीखाली शिरायचं, तेल भरायच्या भोकाचा प्लग उघडायचा आणि बोट घालून बघायचं, एवढीच सोय. म्हणून वर्षानुवर्षं तिकडे कोणी फिरकत नाही. मग कधीतरी मागून घूंऽऽ असा आवाज येऊ लागतो आणि तोवर दात किंवा बेअरिंग झिजलेली असतात.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त पळावं लागतं. दोन चाकांत 1.4 मीटर अंतर असेल, तर एका पूर्ण चकरेत बाहेरचं चाक सुमारे 8.8 मीटर जास्त जातं. चक्कर लहान असो वा मोठी, फरक तेवढाच. तो सांभाळतात डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर. सरळ रस्त्यावर त्यांना फारसं काम नसतं. तेलाचा कस लागतो तो क्राउन व्हील या मोठ्या गिअरच्या आणि पिनियन या छोट्या गिअरच्या दातांमध्ये.

गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा पिनियन क्राउन व्हीलला फिरवतो आणि इंजिनची ताकद काटकोनात वळवून चाकांकडे पाठवतो. 1920च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींमध्ये हायपॉइड गिअर आले. त्यात पिनियन क्राउनच्या मध्यापेक्षा खाली बसतो. त्यामुळे शाफ्ट खाली गेला, गाडीचा तळही खाली आणता आला. पण हे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घासतही जातात, तेही प्रचंड दाबाखाली. साधं तेल अशा जागी पिळून बाहेर पडतं. मग धातूला धातू भिडतो, त्या बिंदूवर क्षणभर कमालीची उष्णता होते, आणि दात एकमेकांना चिकटून ओरबाडले जातात.

यावरचा इलाज मला या सगळ्या यंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटतो. गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं मिसळलेली असतात. एरवी ती शांत असतात. दातांचा स्पर्शबिंदू तापला की त्याच उष्णतेने ती लोखंडाशी संयोग पावतात आणि पोलादावर लोह सल्फाइडसारख्या संयुगांचा अतिशय पातळ थर धरतो. हा थर पोलादापेक्षा मऊ असतो. दाताऐवजी तो झिजतो आणि पुन्हा तयार होतो. प्लग उघडताच नाकात जाणारा उग्र वास या गंधकाचाच.

हायपॉइड डिफरन्शियलमध्ये म्हणूनच सहसा जीएल-5 दर्जाचं, म्हणजे अशी संयुगं भरपूर असलेलं, तेल लागतं. पण तेच तेल जुन्या गिअरबॉक्समध्ये ओतू नये. त्यातली काही रसायनं सिंक्रोनायझरच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांच्या) पितळेला खाऊ शकतात. बाटलीवरच्या 90 आकड्यानेही दचकू नका. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. 90 नंबरचं गिअर ऑइल घट्टपणाला 40 किंवा 50 नंबरच्या इंजिन ऑइलच्या आसपास असतं. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसतं फिरत राहू नये म्हणून आवर घालणारं) असेल तर त्याला खास तेल लागतं, तेव्हा आधी गाडीचं मॅन्युअल बघा.

तपासताना गाडी सपाट हवी. फक्त मागची बाजू उचलली तर पातळी चुकीची दिसते. शक्य असेल तर गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर किंवा लिफ्टवर तपासा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जाऊ नका, स्टँड लावा. गाडी थोडी चालवून आणली की तेल पातळ होतं. मग ते खाली बसेपर्यंत जरा थांबा. तेल बदलायचं असलं तरी भरायचा प्लग आधी सोडवून बघा. खालून सगळं तेल काढून टाकलं आणि वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही.

बहुतेक गाड्यांत भरायच्या भोकाच्या खालच्या कडेला तेल टेकलं पाहिजे. बोट आत घालून खाली वाकवल्यावर तेल लागलं नाही, तर पातळी कमी आहे. पंपाने हळूहळू भरा, तेल कडेवरून ओघळू लागलं की थांबा. ही पातळी उगाच ठरलेली नाही. आत तेलाचा पंप नसतो. क्राउन व्हील तळाच्या तेलात बुडून फिरतं आणि तेल वर उडवतं, त्यातूनच पिनियनच्या बेअरिंगपर्यंत ते पोहोचतं. जास्त भरलं तर ते घुसळून फेसाळतं आणि सीलमधून बाहेर येतं.

बोटाला लागलेलं तेल चोळून बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा बारीक करडा लगदा चालतो. टोचणारे तुकडे मात्र दाताचे किंवा बेअरिंगचे.

डिफरन्शियल तेल जाळत नाही. कमी झालंय म्हणजे कुठूनतरी गळलंय. पिनियनचं सील, कव्हरचं गॅस्केट, अॅक्सलची सील, सगळीकडे बोट फिरवा. अॅक्सलचं सील गळत असेल तर तेल ब्रेकच्या ड्रममध्ये जातं, आणि तशी गाडी दुरुस्तीशिवाय रस्त्यावर आणू नये. सीलवर खर्च करण्याआधी हाऊसिंगवरचा ब्रेदर, म्हणजे आतली हवा बाहेर जायची छोटी वाट, साफ करा. तो चिखलाने बुजला की आतली तापलेली हवा वाट शोधत तेलाला सीलमधूनच बाहेर ढकलते.