पार्श्वभूमी : मेंदूतले कॅनाबिनॉइड आणि उलट जाणारा निरोप

मेंदूतल्या कॅनाबिनॉइड रसायनांच्या बाबतीत (हे नाव गांजाच्या शास्त्रीय नावावरून, ‘कॅनाबिस’वरून आलं) नाव आधी पडलं आणि काम नंतर कळलं. त्यातून झालेला घोळ अजून पुरता निस्तरलेला नाही.

गांजा हजारो वर्षं वापरात आहे, पण त्या इतिहासाचा इथे फारसा उपयोग नाही. त्यातला नशा आणणारा घटक, टीएचसी, १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा करून त्याची रचना मांडली गेली, तिथून सुरुवात केलेली बरी. टीएचसी तेलकट असतो. त्यामुळे तो पेशीच्या पटलात मुरून पटलातच बिघाड करत असावा, त्याला ठरावीक रिसेप्टर (म्हणजे पेशीवरची, विशिष्ट रेणू जिथे कुलपात किल्लीसारखा बसतो ती जागा) नसावा, असं बराच काळ मानलं जात होतं. १९८८ मध्ये उंदराच्या मेंदूत अशा रसायनांना धरून ठेवणारी जागा दिसली. १९९० मध्ये तिचा जनुकही हाती लागला, आणि तोही वेगळ्याच रिसेप्टरचा शोध चालू असताना. हाच सीबी१.

मेंदूत कुलूप आहे म्हटल्यावर मेंदूची स्वतःची किल्लीही असणार. अफूच्या बाबतीत हे आधी घडून गेलं होतं : १९७३ मध्ये रिसेप्टर, १९७५ मध्ये त्यात बसणारे शरीरातलेच रेणू, एन्केफॅलिन. त्याच वाटेने १९९२ मध्ये डुकराच्या मेंदूतून एक मेदयुक्त रेणू काढण्यात आला. संस्कृत ‘आनंद’ आणि रसायनशास्त्रातलं ‘अमाइड’ जोडून त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड. १९९५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दुसरा रेणू शोधला, २-एजी. मग या सगळ्या कुळालाच ‘एंडोकॅनाबिनॉइड’, म्हणजे आतले कॅनाबिनॉइड, म्हटलं जाऊ लागलं.

इथे जरा थांबायला हवं. रासायनिकदृष्ट्या या रेणूंचं गांजातल्या रेणूंशी काहीच नातं नाही. हे अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून बनतात, ते पेशीपटलातल्या मेदातून येतं. टीएचसीची घडण पूर्ण वेगळी आहे. दोघांत समान काय, तर एकाच कुलपात बसणं. सीबी१ माशांपासून माणसापर्यंत सगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांत आढळतो. म्हणजे कधीतरी राहून गेलेल्या भाडेकरूच्या नावावरून घरमालकाला ओळखावं, तसा हा प्रकार. ‘आनंद’ तर आणखी अडचणीचा. मराठी वाचकाला त्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही, आणि म्हणूनच फसायला होतं. हाच आनंदामाइड मिरचीच्या तिखटाची जाणीव करून देणाऱ्या रिसेप्टरलाही चालना देतो, हे १९९९ मध्ये दिसलं. तो शोध आधी लागला असता तर नाव काय पडलं असतं कोण जाणे! नाव गोड निघालं आणि ‘सुखाचा रेणू’ ही प्रतिमा त्याला चिकटली ती चिकटलीच.

खरं काम समजलं ते वेगळ्याच दालनात. पेशींचे विद्युत संकेत मोजणाऱ्यांना १९९१-९२ च्या सुमारास एक कोडं पडलं होतं. अनुमस्तिष्कातली (लहान मेंदूतली) किंवा हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातली एखादी पेशी थोडा वेळ जोरात उत्तेजित केली, की तिच्याकडे येणारे दमनकारी, म्हणजे तिला शांत करणारे, संकेत काही सेकंद मंदावतात. उत्तेजित झाली ती ऐकणारी पेशी; गप्प झाली ती बोलणारी. म्हणजे सिनॅप्सवर, दोन पेशींच्या सांध्यावर, कुठला तरी निरोप उलट दिशेने जात असणार. निरोप्या कोण, यावर दहाएक वर्षं तर्क चालले. ग्लुटामेट या मेंदूतल्या नेहमीच्या संकेतवाहक रसायनाचं नावही पुढे आलं होतं.

मार्च २००१ मध्ये तीन स्वतंत्र शोधनिबंध आले आणि तिन्हींचं उत्तर एकच होतं : एंडोकॅनाबिनॉइड. ऐकणाऱ्या पेशीत कॅल्शियम वाढतं, तिच्या पटलातल्या मेदापासून हे रेणू तिथेच तयार होतात, उलट जाऊन बोलणाऱ्या पेशीच्या टोकावरच्या सीबी१ला चिकटतात. तिथल्या कॅल्शियमच्या वाटा आखडतात आणि न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे पुढच्या पेशीकडे संकेत नेणारं रसायन, कमी सुटतो. इतर बहुतेक न्यूरोट्रान्समीटर पुटिकांत, पेशीतल्या इवल्या पिशव्यांत, भरून ठेवलेले असतात, हे मात्र गरज पडेल तेव्हा बनवले जातात. टोक दमनकारी संकेताचं असो वा उत्तेजक संकेताचं, आवाज खाली येतो. हा ब्रेक आहे. यात आनंद कुठे शोधायचा? टीएचसीमुळे एवढा गोंधळ उडतो तोही यामुळेच. जो ब्रेक एका सिनॅप्सवर काही सेकंद लागायला हवा, तो टीएचसी सगळीकडे एकदम आणि तासन्‌तास लावून ठेवतो.

हा ब्रेकच नसेल तर काय होतं, हे दाखवणारा २००२ मधला एक प्रयोग मला अजूनही सगळ्यात बोलका वाटतो. सीबी१ नसलेले उंदीर भीती शिकले इतरांसारखीच, पण धोका टळल्यावर ती विसरायला त्यांना फार जड गेलं.

आनंदामाइड आणि २-एजी या दोघांपैकी हा उलटा निरोप नेतो कोण, हा वाद पुढे बराच लांबला. मेंदूत २-एजीचं प्रमाण आनंदामाइडच्या कितीतरी पट जास्त, हे ठाऊक होतं, पण त्याचं उत्पादन रोखणारी रसायनं वापरून केलेल्या प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळेनात. २०१० मध्ये २-एजी बनवणाऱ्या मुख्य एन्झाइमचा जनुक काढलेले उंदीर तपासले, तेव्हा तो उलटा निरोपच बंद पडलेला आढळला. प्रसिद्धी आनंदामाइडला मिळाली, राबत होता २-एजी.

दरम्यान औषधांची घाई झाली होती, आणि माझ्या मते त्या घाईत नावाचाही वाटा होता. गांजाने भूक लागते, तर रिसेप्टर बंद केला की वजन उतरेल, असा सरळ हिशेब. सीबी१ अडवणारं रिमोनाबँट २००६ मध्ये युरोपात लठ्ठपणासाठी मंजूर झालं. वजन उतरलं खरं. पण नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांचा धोका समोर आला. अमेरिकेतल्या सल्लागार तज्ज्ञांनी २००७ मध्ये विरोधात मत दिलं आणि ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपातली विक्रीही थांबली. संपूर्ण मेंदूतला ब्रेक काढून घेतल्यावर फक्त भुकेवरच परिणाम होईल, असं का मानलं गेलं?

मग उलटा मार्ग चोखाळला गेला : रिसेप्टरला हात न लावता, हे रेणू मोडणारी एन्झाइमं रोखायची. आनंदामाइड मोडणाऱ्या एन्झाइमवरच्या अशाच एका रसायनाच्या चाचणीत २०१६ मध्ये फ्रान्समध्ये एका निरोगी स्वयंसेवकाचा मृत्यू झाला. तो दोष मुख्यतः त्या रसायनाच्या इतरत्र होणाऱ्या परिणामांचा मानला जातो. २-एजीच्या बाजूची अडचण मात्र मुळातलीच आहे. त्याला मोडणारं एन्झाइम उंदरांत सतत पूर्ण रोखून धरलं, तर काही दिवसांत सीबी१च बधिर होतो आणि वेदना कमी करण्याचा परिणाम निघून जातो.