गढीच्या बळदातली पाकोळी

आमच्या गावची गढी पडीक आहे. माळवद खचलंय, दोन बुरूज तेवढे तग धरून आहेत. आतल्या बळदात, म्हणजे धान्याच्या बंद कोठीत, टॉर्च मारली की भिंत हलल्यासारखी वाटते. हलतात त्या पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळं. पाकोळी कानाला चिकटली की सुटत नाही, असं आजी सांगायची, म्हणून लहानपणी कुणी तिकडे फिरकत नसे. मोठेपणी आत गेलो, तेव्हा आधी नजरेत भरली ती शेपटी.

बहुतेक किडेखाऊ वटवाघळांची शेपटी पायांमधल्या पडद्यात गुंतलेली असते. हिची मात्र मोकळी, उंदरासारखी बारीक आणि जवळजवळ धडाइतकी लांब. शास्त्रीय नाव ऱ्हायनोपोमा हार्डविकी. १८३१ साली ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं. वजन जेमतेम १०-१५ ग्रॅम. ती नुसती उलटी लटकत नाही, अंगठ्याच्या नख्या रोवून भिंतीला बिलगते आणि चाहूल लागली की मागच्या मागे भेगेत सरकते. या कुळातल्या मोठ्या जातीवर इस्रायलमध्ये प्रयोग झाले. मागे सरकताना ती शेपटी भिंतीला टेकवत वाट चाचपते. शेपटी बधिर केली तर अडखळते. आंधळ्याची काठीच म्हणा ना.

पुढची वाट आवाजाची. आपल्याला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही. हिची हाक ३२.५ च्या आसपास असते. किड्यावर आपटून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून तिला भक्ष्य कळतं. पण थव्यात सगळ्यांनी एकाच पट्टीत हाका मारल्या तर आपला प्रतिध्वनी ओळखायचा कसा? १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचं उत्तर मिळालं. एकत्र उडताना त्या ३०, ३२.५ आणि ३५ अशा पट्ट्या वाटून घेतात. मला या जिवाबद्दल सगळ्यात जास्त कौतुक याचं वाटतं.

मराठवाड्याचा उन्हाळा अशा जिवाला सोसवतो. नाकपुड्या झडपेसारख्या मिटतात, मूत्रपिंडं पाण्याचा थेंब न् थेंब राखतात. पावसाळ्यानंतर पोटाखाली आणि शेपटीच्या मुळाशी चरबी साठते. थंडीत किडे आटले की त्यावर गुजराण.

खाणं म्हणजे भुंगेरे, पतंग, पंखांच्या वाळव्या. शेतकऱ्याला याचं मोल किती, याचा एक हिशेब टेक्सासमधून आला आहे. तिथल्या वेगळ्या जातीची वटवाघळं बोंडअळीचे पतंग फस्त करून कापसाच्या एका पट्ट्यात वर्षाला सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलर वाचवतात, असं २००६ साली मांडलं गेलं. तिथली ती अळी म्हणजे आपल्या हरभऱ्यावरच्या घाटेअळीची चुलतबहीण.

मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, तेही पावसाळ्याच्या तोंडाशी, किडे उदंड असताना. त्यामुळे एक वसाहत मोडली की ती भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. आणि जागा तरी किती उरल्यात? पडके किल्ले, लेणी, बारवा, गढ्या. दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरलेल्या प्रत्येकाला वटवाघळांचा वास आठवत असेल. डागडुजी व्हायलाच हवी, पण पावसाळ्यात नको आणि ऐन थंडीतही नको. जून-जुलैत भेग सिमेंटनं लिंपली तर उडता न येणारी पिल्लं आतच मरतात. धूर करणं तर त्याहून वाईट. घरात पाकोळी शिरली तर दिवा मालवून खिडकी उघडा, आपोआप जाते. उघड्या हातानं धरू नका. वटवाघूळ चावलं तर रेबीजसाठी डॉक्टरांना दाखवावंच लागतं.

गेल्या वर्षी गावानं गढीची दुरुस्ती काढली. गवंडीमामांना बळदाकडची भिंत सरळ बंद करायची होती. दोन संध्याकाळी त्यांना सोबत घेऊन बुरुजापाशी बसलो. दिवेलागणीला एकेक पाकोळी बाहेर पडू लागली, भरारी घेत, जरा तरंगत, पुन्हा खाली येत. मामा मोजत होते. एकशे चाळीसला त्यांचा आकडा चुकला. तिसऱ्या दिवशी त्यांनी वीतभर उंचीचं मोखळं ठेवून बाकीची भिंत बांधली.