सोडियमचे पोहे

सोडियमचे पोहे म्हणजे पाणी लागताच पेटणाऱ्या किंवा फुटणाऱ्या मूलद्रव्यांचा नाश्ता केला तर काय होईल, या कल्पनेवरचा केमिस्ट्रीवाल्यांचा विनोद. मूळ जोक विलायती. तिकडे सकाळी डब्यातून वाटीत फ्लेक्स ओतायचे अन वरून थंड दूध, म्हणून सोडियम फ्लेक्स, सिझियम क्रंच अशी नावं सुचतात. आपल्याकडे गावात तो तसाच्या तसा चालत नाही, कारण सकाळी दूध-फ्लेक्स खाते कोण, इथं बसस्टँडवरच्या हातगाडीचे पोहे लागतात अन पोह्यावर चण्याची तर्री. पण खरं पाहिलं तर तर्रीमुळं जोक अजूनच जमते. दुधात साधारण ८७ टक्के पाणीच असते, आणि तर्री म्हणजे तरी काय, तिखट तेल तरंगणारं उकळतं पाणी. सगळी गंमत त्या पाण्यातच आहे.

सोडियम हा धातू आहे हे निम्म्या लोकांना दहावीपर्यंत पटत नाही. चाकूनं पनीरसारखा कापता येतो, कापला की आत चांदीसारखा चकचकीत अन मिनिटभरात मळकट. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीनं वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून तो वेगळा केला, पोटॅशियमही त्यानं त्याच वर्षी काढलं. ठेवतात मातीच्या तेलात, म्हणजे रॉकेलात. आमच्या सरांनी मुगाच्या दाण्याएवढा तुकडा पाण्याच्या परातीत टाकला होता, तो वितळून गोळी झाला अन सूं सूं करत पाण्यावर भिंगरीसारखा पळत सुटला, अन आम्ही सगळे बेंचवर उभे. पाण्यातून हायड्रोजन सुटते, मागं कॉस्टिक सोडा उरते. म्हणजे सोडियमच्या पोह्यांवर दूध ओतलं तर दुधातल्या फॅटचा अर्धामुर्धा साबण होईल, अन प्लेट जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, असली तर कॉस्टिक सोडा तिलाही खाईल अन वरून आणखी हायड्रोजन सोडेल. नाश्ता अन भांडी एकाच झटक्यात साफ.

तुकडा मोठा असला तर सूं सूं नाही, सरळ धडाम. तो हायड्रोजन पेटल्यामुळं होते असंच सगळे शिकले, पण धातूभोवती गॅस अन वाफेचा थर तयार झाला की पाणी लांब राहून रिॲक्शन थंडावायला पाहिजे ना, मग स्फोट कसा होते? २०१५ मध्ये पावेल युंगविर्थ या झेक केमिस्टनं अन त्याच्या टीमनं हायस्पीड कॅमेऱ्यानं ते पाहिलं. पाण्याला लागल्याबरोबर धातूतले इलेक्ट्रॉन पाण्यात पळतात, मागं नुसते धन आयन उरतात, ते एकमेकांना ढकलतात अन थेंबाला मिलिसेकंदाच्या आतच काटे फुटतात, एकदम साळिंदरासारखे. त्या काट्यांमुळं पाण्याला सारखी नवी जागा भेटत राहते.

हे मोठ्या लेव्हलवरही झालेलं आहे. १९४७ मध्ये अमेरिकी सरकारनं युद्धातून उरलेल्या सोडियमचे ड्रम वॉशिंग्टन राज्यातल्या लेनोर सरोवरात ढकलून दिले, त्याची फिल्मही काढली. ते तळं आधीच खारं-अल्कधर्मी. नाव वाचल्यावर मला आधी आपलं बुलढाण्याचं लोणारच वाटलं, अन गंमत म्हणजे लोणारचं पाणीही खारं अन अल्कधर्मीच आहे, फक्त तिथं सोडियम कोणी टाकलं नाही, उल्का पडली.

मेनूतले बाकीचे आयटम: लिथियमचे मुरमुरे हलके, रॉकेलावरही तरंगतात म्हणून बाटलीत ठेवायची पंचाईत. पोटॅशियमचा चिवडा जांभळट ज्योतीनं स्वतःच पेटते. फ्रान्शियमच्या वाटेला जाऊच नका, त्याचा सगळ्यात टिकाऊ प्रकारही २२ मिनिटांत अर्धा होते, तर्री गरम होईपर्यंत प्लेट रिकामी.

सिझियमची उकडपेंडी मात्र खास विदर्भासाठी. सिझियम २८.४ अंशाला वितळते. विलायतेत तो घट्ट धातू, पण मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर गेल्यावर बाटलीत सोनेरी पाणीच होऊन बसते, म्हणजे इथं ही डिश फ्लेक्समध्ये भेटणारच नाही, वाटीनं प्यायची. उणे ११६ अंशाच्या बर्फासोबतही तो रिॲक्शन करते, त्यामुळं वरून बर्फाचा गोळा टाकून थंड करू अशी आयडिया कोणी काढू नये. पांढऱ्या फॉस्फरसचंही तेच, हवेत साधारण ३० अंशाच्या वर तो आपोआप पेट घेते. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीही कधीकधी पारा त्याच्या खाली उतरत नाही. म्हणून तो पाण्यात बुडवून ठेवतात, सोडियमच्या एकदम उलट, दोघांचे डबे एका शेल्फवर अदलाबदल झाले तर दुकानच गेलं. वरून हा फॉस्फरस १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांडनं लघवी आटवून काढला होता, ते ऐकल्यावर तसंही कोणी खात नाही.

यातला कोणताही पदार्थ पेटला अन कोणी गंजभर पाणी घेऊन धावला तर तोच पहिला गेला (फॉस्फरस सोडून). धातूच्या आगीवर कोरडी रेती टाकतात.

जोक खरा वळते तो मिठावर. तेच पेटणारं सोडियम अन तोच विषारी क्लोरीन वायू एकत्र आले की मीठ, अन मिठाच्या वजनात जवळपास ३९ टक्के सोडियमच असते. म्हणजे पोह्यात सोडियम रोजच पडून राहिलं, फक्त बाहेरचा एक इलेक्ट्रॉन देऊन तो शांत झालेला. केळ्यातल्या पोटॅशियमचंही तसंच. सिंगल माणूस डेंजर, लग्न झालं की गरीब, असं आमच्याकडे सर सांगायचे अन मागच्या बेंचवरचे हसायचे.

अन धातू जसाच्या तसा खायचा असला तर तोही बाजारात आहे, फक्त आपल्या हातगाडीवर नाही, डब्यात. लोह वाढवलेल्या बऱ्याच कॉर्नफ्लेक्समध्ये खऱ्या लोखंडाचीच बारीक पूड घातलेली असते. फ्लेक्स चुरून पाण्यात टाका, तगडं चुंबक फिरवा, काळी पूड चिकटून येते. हे आमच्या पोहेवाल्याला सांगितलं तर म्हणते कसा, "लोखंड खाऊन राहिले का बाप्पा, मंग तर्री कायले पाहिजे?"