झिजणारे कण की न झिजणारे? फिनिशिंग पॉलिशच्या दोन प्रकारांतला फरक

काळ्या बॉनेटवर कंपाउंड, म्हणजे ओरखडे कापणारं जाडसर पॉलिश, मारून झालं, मोठे ओरखडे गेले, चार पावलं मागे उभं राहून पाहिलं तर रंग छान दिसतो. टॉर्च तिरका धरला की मात्र दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती दुधट वलय उमटतं आणि काळा रंग राखाडी वाटू लागतो. हे वलय म्हणजे हजारो अतिबारीक चरे. नखाला एकही लागत नाही, पण प्रत्येक चरा थोडा थोडा प्रकाश भलतीकडे फेकतो आणि रंगाची खोली मारली जाते. कंपाउंडसाठी वापरलेला मशीनचा पॅड, क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी), धुताना घासलेलं कोरडं कापड, यांपैकी काहीही त्याला कारणीभूत असू शकतं.

हा धूसरपणा काढायला फिनिशिंग पॉलिश लागतं. इथे अनेकजण अडकतात, कारण बाजारातली ही पॉलिश दिसायला सारखीच असतात: पांढरट, पातळ, बाटलीवर ‘फिनिश’ लिहिलेली. पण आतल्या घासणाऱ्या कणांचे ठळक दोन प्रकार आहेत आणि दोन्हींची काम करण्याची रीत वेगळी आहे. एकाची रीत दुसऱ्याला लावली की पॉलिश केल्यानंतरही वलय तसंच राहतं आणि दोष बाटलीला दिला जातो. उदाहरणादाखल दोन परिचित नावं घेतो. मेन्झेर्ना या जर्मन कंपनीची सुपर फिनिश मालिका झिजणाऱ्या कणांसाठी ओळखली जाते; 3800 हे त्यातलं अगदी बारीक पॉलिश. मेग्वायर्सचं एम 205 न झिजणाऱ्या कणांचं आहे.

आधी झिजणाऱ्या कणांचं पाहू. यात मुख्यतः ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं. सुरुवातीला कण त्यातल्या त्यात मोठे असतात आणि पॅडचा दाब व फिरण्याची ऊब मिळाली की फुटून बारीक होत जातात, पायाखाली मातीचं ढेकूळ फुटत जावं तसे. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत ते चरे कापतात. त्या कापण्यातून स्वतःचे जे बारीक चरे उरतात, ते पुढच्या फेऱ्यांत तेच कण आणखी बारीक होऊन मिटवतात. म्हणजे एकाच थेंबात आधी कापणं आणि मग चमकवणं, अशी दोन कामं वेळेच्या क्रमाने लावलेली असतात. क्रम अर्ध्यात तोडला तर चमकवणारं काम होतच नाही.

हा क्रम डोळ्यांना दिसतो, म्हणून पॅडखाली नीट पाहायची सवय लावावी. साधारण दीड फूट चौरसाचा भाग घ्यायचा, पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, आणि कमी वेगावर ते पसरून घ्यायचे. मग वेग वाढवला की रंगावर पांढुरका, ओलसर थर दिसतो. मशीन आडव्या-उभ्या ओळींत सावकाश सरकवत गेलं की थर पातळ होतो, मग पारदर्शक होतो, आणि त्यातून रंग स्वच्छ दिसायला लागतो, जणू तेलाचा अगदी पातळ हात फिरवलाय. या टप्प्यावर दाब जवळजवळ काढून घ्यायचा आणि मशीनच्या स्वतःच्या वजनावर दोन शेवटच्या फेऱ्या मारायच्या. थर पांढरा असतानाच पुसून टाकला तर मधल्या आकाराच्या कणांनी पाडलेले चरे तसेच उरतात. उलट पारदर्शक झाल्यावरही घासतच राहिलं तर थर सुकतो, भुकटी उडते, आणि कोरड्या भुकटीवर फिरणारा पॅड नवे चरे पाडतो.

न झिजणाऱ्या कणांत ही वाट पाहणं नसतं. कण मुळातच अतिसूक्ष्म आणि एकसारख्या आकाराचे असतात. पहिल्या फेरीत जेवढं कापतात तेवढंच शेवटच्या फेरीत कापतात. म्हणून किती वेळ फिरवायचं हे कणांवर ठरत नाही, चरे गेले की नाही यावर ठरतं. तीन-चार फेऱ्यांत काम झालं असेल तर थांबावं. उगीच लांबवलं तर रंग तापतो आणि पॅड भरतो, चमक काही वाढत नाही. एम 205 मधली तेलं बराच वेळ टिकतात, त्यामुळे पॅड सहज फिरत राहतो आणि नवख्या माणसाला वाटतं अजून काम चालू आहे. शेवटी दाब कमी करण्याचा नियम इथेही लागू आहे, फक्त कारण वेगळं. कण बारीक होणार नसतील तर त्यांची धार सौम्य करायचा एकच उपाय उरतो, आणि तो म्हणजे त्यांच्यावरचा भार उतरवणं.

आता ज्या बारकाव्यावर सगळ्यात जास्त कामं बिघडतात तो सांगतो: मध्येच पॉलिश घालणं. झिजणाऱ्या कणांचा थर पारदर्शक व्हायला आला असताना ‘थोडं कोरडं वाटतंय’ म्हणून नवा थेंब टाकला, तर त्यातले कण अजून फुटलेले नसतात. अर्धी चमकलेली जागा पुन्हा कापायला सुरुवात होते आणि सगळी फेरी पहिल्यापासून करावी लागते. म्हणून अशा पॉलिशचे थेंब आधीच बेताचे घ्यावेत आणि पुढचा थेंब पुढच्या भागासाठी राखावा. न झिजणाऱ्या पॉलिशमध्ये मधेच थेंब टाकला तरी बिघडत नाही, कारण नवा कण आणि जुना कण सारखाच.

पॅडच्या बाबतीत मात्र पारडं फिरतं. न झिजणारे कण फेरी संपली तरी पॅडमध्ये तसेच धारदार राहतात. त्यात कापलेल्या रंगाचा चुरा मिसळला की गुठळ्या होतात, आणि ज्या धूसरपणासाठी आपण बसलो आहोत तोच पॅड पुन्हा निर्माण करतो. प्रत्येक भागानंतर ब्रशने किंवा दाबाच्या हवेने पॅड झाडावा आणि दर एक-दोन पॅनलनंतर नवा घ्यावा. सुरुवातीला पॅडच्या सगळ्या तोंडावर पॉलिश बोटाने चोळून घेणंही इथे जास्त महत्त्वाचं आहे, कारण कोरडा राहिलेला फोमचा तुकडा मऊ रंगावर लगेच खूण सोडतो. झिजणाऱ्या पॉलिशमध्ये पॅड अस्वच्छ ठेवला तर चालतं असं कुणी समजू नये. तिथे शिक्षा जरा उशिरा मिळते एवढंच.

मशीन कुठलं आहे त्यानेही फरक पडतो. रोटरी मशीन एका अक्षावर जोरात फिरतं, ऊब आणि दाब भरपूर देतं, त्यामुळे झिजणारे कण त्यावर लवकर फुटतात. जुनी झिजणारी पॉलिश त्याच मशीनसाठी घडवली गेली होती. दुहेरी गतीच्या मशीनवर, म्हणजे ज्याला सगळे डीए म्हणतात त्यावर, कण फुटायला वेळ लागतो. म्हणून अशी पॉलिश डीएवर वापरताना फेऱ्या वाढवाव्या लागतात. न झिजणाऱ्या कणांना डीएची छोटी, उलटसुलट हालचाल चांगली मानवते. हाताने पॉलिश करणार असाल तर प्रश्नच मिटला: हाताच्या जोरावर कण नीट फुटत नाहीत, तेव्हा न झिजणारंच घ्यावं.

रंग कठीण की मऊ, हे दोन्हींच्या वर आहे. अगदी मऊ क्लिअरकोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, तर पुसायचं कापडसुद्धा चरे पाडतं आणि माणूस पॉलिशला नावं ठेवत बसतो. अशा वेळी आधी कापड बदलून पाहावं: जाड, मऊ, लांब धाग्याचं मायक्रोफायबर, आणि पुसताना बोटांचा दाब नाही. एम 205 बारीक पॉलिश म्हणून विकलं जात असलं तरी त्याला कापण्याची ताकद बऱ्यापैकी आहे. किंचित खोल चरे असतील तर ती उपयोगी पडते, पण फार मऊ काळ्या रंगावर डीएने त्याचा स्वतःचा पुसटसा धूसरपणा राहू शकतो. तिथे 3800 सारखं जास्त बारीक पॉलिश, पूर्ण फेरी देऊन, मला अधिक भरवशाचं वाटतं.

बाटलीवरच्या आकड्यांनी गोंधळू नका. मेन्झेर्नाच्या मालिकेत आकडा जितका मोठा तितकं पॉलिश बारीक, पण 3800 म्हणजे 3800 नंबरचा पॉलिश पेपर असं समीकरण नाही. आणि मेग्वायर्सचा 205 हा आकडा 3800 या आकड्याशी ताडून पाहायला काही आधारच नाही.

काम झालं की नाही हे तपासताना दोन्हींमध्ये एकच फसवणूक असते. पॉलिशमधली तेलं बारीक चऱ्यांत बसतात आणि ते तात्पुरते लपवतात. पुसल्यावर लगेच रंग आरशासारखा दिसतो आणि दोन धुलाईनंतर वलय परत येतं. एम 205 तेलकट असल्यामुळे त्याच्या बाबतीत हे आवर्जून तपासावं. पाण्यात 10 ते 15 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून फवारावं, हलक्या हाताने पुसावं आणि मग टॉर्च मारावा. अल्कोहोल फार तीव्र ठेवू नये, कारण त्याने रंग फुगून चरे पुन्हा झाकले जाऊ शकतात. ग्लेझ नावाने मिळणारी उत्पादनं तर चरे भरण्यासाठीच असतात. त्यांना पॉलिशच्या रांगेत मोजू नये.

किती रंग जातो याची धास्ती अनेकांना असते. क्लिअरकोट साधारण 35 ते 50 मायक्रॉन जाड असतो आणि फिनिशिंग पॉलिशची एक फेरी इतकं कमी कापते की नेहमीच्या जाडीमापकावर फरक दिसतही नाही. तरी ही परवानगी दरवर्षी वापरायची नसते. धुण्याची पद्धत सुधारली तर तेच चरे पुन्हा काढायची वेळ क्वचित येते.

पहिली बाटली घ्यायची असेल आणि हातात डीए असेल, तर मी न झिजणारं घ्यायला सांगेन. चुका पोटात घालतं, मधे थेंब टाकू देतं, पॅड स्वच्छ ठेवला की निकाल सारखा येतो. रोटरीवर हात बसलेला असेल किंवा गाडीचा रंग मऊ आणि गडद असेल, तर झिजणाऱ्या कणांचं घ्या आणि त्याला त्याचा वेळ द्या. दोन्ही हाताशी असतील तर डिकीच्या झाकणावर दोन चौकोन चिकटपट्टीने आखा, एकावर एक, दुसऱ्यावर दुसरं, पॅड मात्र वेगवेगळे. अल्कोहोलने पुसून उन्हात आणि टॉर्चखाली दोन्ही चौकोन पाहा, आणि जो जास्त काळा दिसेल त्याने बाकीची गाडी करा.